डबा वाढवला

दुरुस्तीवाल्याने डब्याचा तळ उघडला, आत टॉर्च मारली आणि लगेच बंद केली. मी शेजारी मेमरीची नवी पट्टी घेऊन उभी होते. पाकीट कापायला कात्रीसुद्धा काढून ठेवली होती.

"इसमें जगाच नै है, मॅडम," तो म्हणाला.

दखनीतला हा 'च' आपल्या मराठीतूनच तिकडे गेलाय, असं आम्ही हैदराबादचे मराठी लोक पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. त्या सकाळी मला त्या 'च'चं कौतुक वाटलं नाही. तो नुसतं 'जगा नै' म्हणाला असता तर वाद घालता आला असता, जरा सरकवून बघा म्हणता आलं असतं. 'जगाच नै' म्हटल्यावर बोलणंच संपतं.

त्याने मला वाकून बघायला लावलं. मेमरी मुख्य बोर्डावरच डाख देऊन पक्की केलेली होती. ती काढता येत नव्हती आणि तिच्या जोडीला दुसरी बसवायला खाचही नव्हती. ग्राफिक्सचं वेगळं कार्ड घालायचं म्हटलं तर ते कार्डच या डब्यापेक्षा लांब. एक बारीक जागा होती, तिथे मोठी डिस्क बसली असती. त्याने फायली ठेवायला जागा वाढली असती. पण मला फायली ठेवायला जागा कमी पडत नव्हती, काम करायला पडत होती.

एका जणाला विचारून सांगतो, बाहेरून काही जोडता येतं का ते, असं म्हणून तो गेला. जाताना तळाचे स्क्रू त्याने अर्धवटच पिळले, कारण परत उघडावं लागलं तर सोपं.

डबा हा सासूबाईंचा शब्द. अर्धा किलो मिठाईच्या खोक्याएवढा तो संगणक घरी आला तेव्हा त्यांनी आधी त्याचं झाकण शोधलं होतं.

मी तो घाईने घेतलेला नव्हता. मी घरी बसून लोकांची स्वयंपाकघरं काढते. तयार ओटे आणि कपाटं बसवून देणारी एक कंपनी मला मापं पाठवते. शेगडी कुठे, चिमणी कुठे, कुठल्या खणात ताटं आणि कुठल्यात डबे, हे मी संगणकावर असं काढून देते की गिऱ्हाइकाला आपण आत उभे आहोत असं वाटावं. अंबरपेठेतल्या आमच्या घराला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माझी कामाची जागा बाहेरच्या खोलीत, फ्रिज आणि सासूबाईंची खाट यांच्यामधला कोनाडा. आधीचा मोठा संगणक तिथे घरघरत असे आणि दुपारी सासूबाईंचा डोळा लागत नसे. म्हणून नवा घेताना मी यादी केली. कोनाड्याची रुंदी, उंची, आवाज नको, वायरी कमी, झाडताना एका हाताने उचलता यावा. हा डबा सगळ्याला उतरला. यादीत शेवटी लिहिलं होतं: पुढे वाढवता येईल का.

दुकानात मी विचारलं, "आगे बढ़ाना हुआ तो?"

"बढ़ता ना मॅडम, कायकू नै बढ़ता," दुकानदार म्हणाला आणि मी बरोबरची खूण केली.

काय वाढतं ते मी विचारलं नाही. तो खोटं बोलला नव्हता, डिस्क वाढत होतीच. गिऱ्हाइकांना मात्र मी दर वेळी बजावते की एक कपाट मोकळं ठेवा, आज नसलेली वस्तू उद्या घरात येते. लोक ऐकत नाहीत आणि वर्षभरात मिक्सर ओट्यावरून खाली ठेवायला जागा शोधतात. तेव्हा मला बरं वाटतं, हेही सांगून टाकते.

आता अडचण अशी झाली की कंपनीने आराखडे काढायचा प्रोग्रॅम बदलला. नव्याला दुप्पट मेमरी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत होतं. घरून काम करणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत आपापली मशीनं तशी करून घ्यायची. ज्यांची होणार नाहीत त्यांनी सोमवारपासून ऑफिसला येऊन तिथल्या मशीनवर बसायचं. ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, हायटेक सिटीच्याही पुढे. सकाळी निघालं तर अंधार पडताना परत.

मला प्रवासाचं काही नव्हतं. सासूबाईंचं होतं. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडल्यापासून त्या वॉकर धरून चालतात आणि मधूनच त्यांना घेरी येते. तास-दोन तास त्या एकट्या राहतात, अख्खा दिवस ठेवता येत नाही. नवरा मलकपेठेच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. तोही सकाळीच बाहेर पडतो. मी ऑफिसला जायला लागले तर सासूबाईंना लातूरला नणंदेकडे पाठवणं एवढंच उरत होतं. नणंद चांगली आहे, घर मोठं आहे, तिने दोनदा बोलावलंही होतं. पण लेकीच्या घरी चार दिवस पाहुणचार घ्यावा, मुक्काम टाकू नये, असं सासूबाईंचं मत आहे आणि त्या मतावर त्यांनी साऱ्या नात्यातल्या बायकांना तोललेलं आहे. आता त्याच पारड्यात स्वतः बसायची वेळ आली होती. त्या रोज सकाळी चहा पिताना विचारायच्या, "डब्याचं काय झालं?"

त्या शुक्रवारीही, दुरुस्तीवाला गेल्यावर त्यांनी विचारलं. बघते, म्हटलं.

मी कामं क्रमाने लावली. मेमरीची पट्टी परत करायची. त्याच दुकानात जुनं मोठं मशीन मिळतंय का बघायचं. परत येऊन ऑफिसला काय ते कळवायचं. डबा मी कोनाड्यात कडेवर उभा करून ठेवला, दुरुस्तीवाला आलाच तर पटकन हाताशी यावा म्हणून. ऑफिसच्या कामाचा फोन वेगळा आहे, तो त्याच्याच शेजारी चार्जिंगला लावला. चपला घालताना म्हटलं, "जाऊन येते." आमच्या घरात नुसतं 'जाते' म्हटलेलं चालत नाही. एकदा माझी मुलगी, आता ती शिकायला हॉस्टेलवर असते, घाईत 'मी गेले' म्हणाली, तर सासूबाईंनी तिला पायरीवरून परत बोलावून खाली बसवली होती.

सुलतान बाजारात कापडाच्या दुकानांमागच्या बोळात, वरच्या मजल्यावर ते दुकान होतं. पट्टी त्याने थोडं तोंड वाकडं करून परत घेतली. मग कोपऱ्यातलं एक काळं, गुडघ्याएवढं उंच मशीन ओढून काढलं आणि त्याची कूस उघडून दाखवली.

"देखो मॅडम, मैदान है अंदर."

खरंच मैदान होतं. मेमरीला मोकळ्या खाचा, कार्डाला जागा, कार्ड बसवलेलं, आणि वर पंख्याखाली हात जाईल एवढी पोकळी. मी पर्समधून टेप काढून मापं घेतली. कोनाड्यात ते चार बोटं जास्त होत होतं. फ्रिज स्वयंपाकघरात नेला तर बसेल. पण तिथे नेला तर फ्रिजचं दार पूर्ण उघडणार नाही. खाट भिंतीकडे सरकवली तर वॉकरला वळायला जागा उरणार नाही. मी स्टुलावर बसून कागदावर खोली काढली, फ्रिज फिरवला, खाट फिरवली. शेजारी एक तरुण मुलगा उभा राहून त्याच मशीनकडे बघत होता. मी घेतलं नाही तर तो घेणार, हे दुकानदाराने मला दोनदा ऐकवलं.

तेवढ्यात माझ्या फोनवर ऑफिसची मेल आली. आमच्या टीम लीडने घरून काम करणाऱ्यांची यादी वर पाठवली होती आणि आम्हांला प्रत दिली होती. माझ्या नावापुढे लिहिलेलं होतं: मशीन अपग्रेड झालं, खात्री केली. खाली तिचं नाव.

मी परत वाचलं. मी तर कुणाला काही कळवलं नव्हतं. मग वाटलं, माझ्या मागे दुरुस्तीवाला परत येऊन गेला असणार. त्याच्या ओळखीच्या माणसाने काहीतरी सुचवलं असणार, बाहेरून जोडून दिलं असणार, आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला असणार. मी लगेच घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलायला वेळ घेतला.

"आई, डब्याचं काय झालं?" त्या दिवशी तो प्रश्न मी त्यांना विचारला.

"वाढवला गं," त्या म्हणाल्या. "आत्ताच वाढवला. तू ये लवकर घरी."

त्यांचा आवाज कापत होता. मी तो आनंदाने कापतोय असं धरून चालले. पुढे काही विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

मी दुकानदाराला नक्को म्हटलं. मी जिन्यापर्यंत पोचायच्या आत त्या तरुणाने मशीनवर हात ठेवला होता. खाली येऊन सासूबाईंना आवडतात म्हणून उस्मानिया बिस्किटं घेतली आणि रिक्षा केली. एरवी मी बस घेते. रिक्षात मी सोमवारची यादी मनातल्या मनात करायला घेतली होती.

दार उघडंच होतं. सासूबाई खाटेवर नव्हत्या, माझ्या कामाच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. समोर जमिनीवर त्यांचा धुतलेला टॉवेल पसरलेला आणि त्यावर डबा. एक कोपरा आत दबलेला, तळ सुटून बाजूला पडलेला, वायर खुपसायचं भोक वाकडं. सुटलेले स्क्रू त्यांनी हळदीकुंकवाच्या रिकाम्या कोयरीत गोळा करून ठेवले होते.

मी पिशवी खाली ठेवली. "वाढवला म्हणालात ना?"

"मग काय म्हणू? वाढवला म्हणजे वाढवला."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बांगडी वाढवली. नारळ वाढवला. सासूबाईंच्या तोंडी कुठलीच वस्तू फुटत नाही आणि तुटत नाही. काचेचा पेला वाढतो, आरसा वाढतो, एकदा तर आमच्या टीव्हीचा काचेचा पडदा वाढला होता. वाईट शब्द तोंडातून काढला की घर तो ऐकतं. आमच्या शेजारच्या तेलुगू बाईदेखील तांदूळ संपले म्हणत नाहीत, 'निंडुकुन्नाई' म्हणतात, म्हणजे भरले. लग्न होऊन आल्यापासून मी हे ऐकत आलेय. पण मेल वाचलेली होती आणि मला हवा तोच अर्थ मी ऐकला.

हळूहळू सगळं कळलं. ऑफिसचा फोन वाजला. एरवी त्या उचलत नाहीत, पण शुक्रवार होता, डब्याबद्दल असेल, चुकायला नको म्हणून त्या उठल्या. फोनकडे जाताना वॉकरचा पाय वायरीत अडकला आणि वायरीबरोबर कडेवर उभा डबा खाली आला. हलका होता, एका हाताने उचलता यावा म्हणूनच घेतला होता. मोठं धूड असतं तर हललंही नसतं. त्या स्वतः कशाबशा खुर्ची धरून उभ्या राहिल्या, हे त्यांनी मी चार वेळा विचारल्यावर सांगितलं. फोन तोवर वाजतच होता. पलीकडे आमची टीम लीड.

ही मुलगी पुण्याहून आलेली, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. मला ताई म्हणते, सासूबाईंना आजी. मराठी बोलते छान, वाचायला लागलं की इंग्रजीत पाठवा ना म्हणते. त्या जागेवर ती नवीनच होती.

"ती म्हणाली, आजी, ताईंच्या कॉम्प्युटरचं काय झालं," सासूबाई सांगत होत्या. "मी म्हटलं, बाई, वाढवला की गं आत्ताच. तर म्हणते, अरे वा, बरं झालं. बरं झालं म्हणते. लोकांच्या घरातली वस्तू जाते आणि ही बरं झालं म्हणते. आईबापांनी शिकवलं काय तिला?"

एरवी मी खो-खो हसले असते. मी फोन उघडून मेल पुन्हा पाहिली. मघाशी न पाहिलेली एक ओळ खाली होती. एका बंगल्याचं मोठं स्वयंपाकघर मला दिलं होतं, नव्या प्रोग्रॅमवर काढायचं, सोमवारी दाखवायचं.

सासूबाईंचा पाय तपासला, सूज नव्हती. त्यांना पाणी दिलं, बिस्किटं दिली. त्यांनी एक घेतलं आणि हातातच ठेवलं.

"आता लातूर ना?" त्या म्हणाल्या.

मी डबा टॉवेलसकट उचलून कोनाड्यात ठेवला.

नवरा संध्याकाळी आला. मी त्याला सगळं क्रमाने सांगितलं. तो हिशेबाचा माणूस, त्याने तसंच उत्तर दिलं. आई खोटं बोलली नाही. मी खोटं बोलले नाही. ऐकणारीने चुकीचं ऐकलं. मग आपण कशाला तोंड उघडायचं? शनिवारी कुठून तरी मोठं मशीन आणू, रविवारी लावू, सोमवारी बंगला देऊन टाकू. कागदावर जे लिहिलंय ते आपण खरं करून दाखवू, एवढंच.

मला ते पटत होतं, म्हणून मी जास्तच चिडले. मी कागद घेतला आणि दोन दिवसांत काय काय व्हायला लागेल ते लिहून काढलं. पाहिलेलं मशीन मी स्वतः हातचं घालवलं होतं. दुसरं मिळालं तरी त्यात कार्ड हवं, प्रोग्रॅम चढवायचा, शिकायचा, मग बंगला. एक गोष्ट अडली की पुढच्या सगळ्या अडणार. आणि सोमवारी अडली तर वर काय दिसणार? 'खात्री केली' आणि खाली त्या मुलीचं नाव. माझं नाही.

"तिनं खात्री केली नाही, ही तिची चूक," नवरा म्हणाला.

"तिनं खात्री केली," मी म्हटलं. "तिनं आईंना विचारलं."

सासूबाई देवापुढे दिवा लावत होत्या. काडीपेटी खाली ठेवून त्यांनी आमच्याकडे न बघताच सांगितलं, "माझ्या शब्दावर खोटं उभं करू नका. मी काय म्हटलं होतं ते तिला सांगा. तिच्या भाषेत सांगा."

"तिची भाषा मराठीच आहे, आई."

"मग तिला मी का कळले नाही?"

"सांगितलं तर सोमवारपासून मला जावं लागेल," मी म्हटलं. "कळतंय ना तुम्हांला?"

"मला घेरी येते," त्या म्हणाल्या. "कळायचं बंद झालेलं नाही."

मी फोन लावला. टीम लीड उत्साहात होती. ताई, सुपर, मला टेन्शन होतं तुमचंच, असं काहीतरी बोलायला लागली. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, आजी दुपारी जे बोलल्या त्याचा अर्थ वेगळा होता. तिला कळेना. मी म्हटलं, आमच्याकडे वाढवलं म्हणतात ते अपग्रेड केलं या अर्थाने नाही. ती म्हणाली, म्हणजे? दिवा लागलेला होता. सासूबाई पाटावर बसून माझ्याकडे बघत होत्या. दुसरा शब्द सुचला असता तर मी तो वापरला असता.

"फुटलं," मी म्हटलं. "पडून फुटलं."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि कानाच्या पाळीला हात लावला. इतक्या वर्षांत त्या घरात मी तो शब्द मोठ्याने बोलले नव्हते.

मग ती हळूच म्हणाली, "नारळ वाढवतात, तसं?"

"हो. तसंच."

"ऑफिसच्या पूजेला मीच म्हटलं होतं सगळ्यांना, फोडा नाही, वाढवा म्हणा." मग तिला आठवलं. "ताई, मी वर कन्फर्म केलंय. माझ्या नावाने."

"माहीत आहे. म्हणून आत्ता सांगतेय."

"आणि नसतं फुटलं, तर अपग्रेड होत होतं का?"

इथे मला सोपं उत्तर देता आलं असतं. होत होतं, पण पडलं, असं म्हटलं असतं तर सहानुभूती मिळाली असती, कदाचित आठवडाभराची मुदतही.

"नव्हतं होत," मी म्हटलं. "त्यात जागाच नाही."

मला थोडा वेळ द्या, मी फोन करते, असं म्हणून तिने ठेवला.

मग वाट बघणं आलं. मी कुकर लावला. नवरा डबा उलटासुलटा करून बघत बसला, जसं काही बघून तो भरून येणार होता. सासूबाई उठल्या, खाटेखालची ट्रंक ओढायला मला बोलावलं आणि माझ्याकडून कापडी पिशवी माळ्यावरून काढून घेतली. ट्रंकेतून एकेक लुगडं काढून त्या मांडीवर घडी घालायच्या आणि पिशवीत ठेवायच्या. आधीच घडी असलेल्या लुगड्याची घडी मोडून पुन्हा घालायच्या. मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. त्या म्हणाल्या, मी कुठे काय म्हणतेय. नवऱ्याने टीव्ही लावला आणि लगेच बंद केला.

शेवटी त्याच म्हणाल्या, "वाढ आता. भूक लागली."

पानं घेतली. भाताचा पहिला घास घेतला असेल नसेल, फोन वाजला. मी डाव्या हाताने उचलला.

टीम लीडचा आवाज मघासारखा राहिला नव्हता. वरच्यांशी बोलले, एवढंच तिने सांगितलं; ते काय बोलले हे सांगितलं नाही, पण ते आवाजात होतं. बंगला दुसऱ्याकडे दिला. यादी तिने स्वतः दुरुस्त करून पुन्हा पाठवली. घरून काम करणाऱ्यांत माझं नाव आता नव्हतं. मी हं हं म्हणत होते आणि सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मग ती म्हणाली, एक काम उरलंय. एका बिल्डरच्या लहान फ्लॅटांचं. ते जुन्या प्रोग्रॅमवरच पुरं करायचं ठरलंय, कारण अर्धं तसंच झालेलं आहे. एकच ओटा, तीच चार कपाटं, फक्त डावं-उजवं. कुणी घ्यायला तयार नाही. मोठं मशीन लागत नाही, चालू असलेलं लागतं. ते संपेपर्यंत तुम्ही घरून करू शकता, असं मी बोलून ठेवलंय. पैसे कमी आहेत.

"संपल्यावर?" मी विचारलं.

"नंतरचं मला नाही सांगता येणार, ताई. आत्ता मी काहीच प्रॉमिस नाही करणार." मग ती म्हणाली, "आजी आहेत का?"

मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. सासूबाई बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "असू दे. पण बरं झालं म्हणू नये बाई, समोरच्याचं आधी नीट ऐकावं." पुन्हा ऐकलं. "बांगडी. नारळ. काचेचं काहीही." पुन्हा ऐकलं, आणि त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. "नाही नाही, जेवायचं ते वाढायचं. वाढवायचं नाही. तेवढं तरी येतं ना तुला? जेवलीस का?"

शनिवारी दुरुस्तीवाला आला. वायरीचं भोक त्याने बदललं, दबलेला कोपरा आतून ठोकून जमेल तेवढा बाहेर काढला, आणि बटण दाबल्यावर डब्याचा निळा दिवा लागला. बाहेरून काही जोडायचं त्याने विचारलं होतं. या डब्याला ते जोडायची वाटच नाही म्हणाला. मी म्हटलं, ठाऊक आहे. आता डबा कोनाड्यात आडवा असतो, वायर भिंतीला खिळ्यांनी धरलेली, आणि ऑफिसचा फोन खाटेच्या उशाशी.

लहान फ्लॅटांची स्वयंपाकघरं मी काढते आहे. मोकळं कपाट ठेवायला त्यात जागा नाही, बिल्डरने मापच तसं दिलंय. तरी ओट्याखाली, नळाच्या बाजूला, एक वीतभर फट मी प्रत्येक आराखड्यात सोडते आणि अजून कुणी हरकत घेतलेली नाही. निम्म्याहून जास्त फ्लॅट झाले. मी मुद्दाम सावकाश करत नाही. तसं केलं तर मलाच झोप येणार नाही.

लुगडी सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी ट्रंकेत परत ठेवली. पिशवी मात्र माळ्यावर ठेवू दिली नाही. खाटेखाली राहू दे, म्हणाल्या, हाताशी. डब्याचं काय झालं असं त्या आता विचारत नाहीत, किती फ्लॅट राहिले म्हणून विचारतात. मी आकडा सांगते. सकाळी झाडताना ती रिकामी पिशवी एका हाताने उचलते, खालचं झाडून घेते आणि होती तिथेच ठेवते.